तळमजल्यावरची बैठक

अकोल्याच्या कापड बाजारात आमचं ऑफिस एका बांगड्यांच्या दुकानाला लागून होतं. त्याचा फायदा एवढाच, की पत्ता सांगणं सोपं जायचं. "बांगड्यांचं दुकान ओलांडलं की पुढे जिथे अंधार दिसेल ना, ते आमचं," असं मी पक्षकारांना फोनवर सांगायची आणि स्वतःच्याच विनोदावर हसायची. पुढे महानगरपालिकेनं नेमकं त्याच अंधारावर बोट ठेवलं, तेव्हापासून माझं हसणं कमी झालं.

मी वकील आहे, पण टेबलावर मूठ आपटणारी नाही. कोर्टात माझा आवाज बसतो. माझं काम कागदाचं. खरेदीखत, बक्षीसपत्र, भाडेकरार, मृत्युपत्र. दोन भाऊ भांडणार हे मला ते भांडायच्या आधी कळतं, तेवढीच माझी विद्या, आणि तीही मी सासऱ्यांकडून शिकले. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. ते या बाजारात वकील म्हणून बसायला लागले तेव्हा मी अमरावतीत पाटीवर अक्षरं गिरवत असेन. नवरा कॉलेजात शिकवतो. त्याला कायद्यातलं कळत नाही आणि बाजारातलंही नाही, म्हणून घरात तो सगळ्यात सुखी आहे.

काही वर्षांपूर्वी बाबा न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. आम्हाला वाटलं, आता घरी बसतील. दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी बाबांनी मला खाटेजवळ बोलावलं.

"सूनबाई, मले घरी बसवू नको. घरी बसलो का मी निरा म्हातारा. ऑफिसात तिथीसा बसलो का वकील."

बाबा लिहिताना राजपत्रासारखं लिहितात आणि बोलताना थेट तेल्हारा तालुका. त्यांनी एवढं साधं काही मागितलं नव्हतं कधी. म्हणून मग रोज सकाळी ऑटो, बाबा, वॉकर, डबा आणि मी. ऑटो दारात थांबायचा, एक पायरी चढली की बाबांची खुर्ची. तिथे ते संध्याकाळपर्यंत बसायचे. केस माझी असली तरी सल्ला त्यांचा असायचा, न मागता. येणारा माणूस आधी त्यांच्याकडे बघून हात जोडायचा, मग माझ्याकडे वळून विचारायचा, "मॅडम, झेरॉक्स कुठी भेटते?" मला राग यायचा. पण रविवारी घरी बाबांकडे पाहिलं की तो राग विरायचा. रविवारी ते पाहुण्यासारखे अवघडून बसत, चार वेळा घड्याळ पाहत, आणि भाजीत काय टाकलं असं विचारत. ज्या माणसानं उभ्या जन्मात भाजीची चौकशी केली नाही, त्यानं ती केली की ओळखावं, याचा जीव कुठे लागत नाही.

शेजारच्या बांगड्यांच्या दुकानाचे मालक चाचा. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणतो, त्यांच्यापेक्षा मोठे लोकसुद्धा. त्यांच्या वडिलांचं दुकान, त्यांच्या आईनं या बाजारातल्या निम्म्या नवरीमुलींना चुडा भरलेला. दुपारचा चहा त्यांच्याकडून यायचा, बदल्यात बाबांचा सल्ला तिकडे जायचा. त्या व्यवहारात चहा जास्त चांगला असायचा.

तर एकदा चाचा बाजारातले चार दुकानदार घेऊन आमच्याकडे आले. त्यांचं दुखणं खरं होतं. गेल्या काही वर्षांत आमच्या ओळीत तळमजल्याचे गाळे एकामागून एक ऑफिसांनी घेतले होते. एक कर्जवाली कंपनी, एक विमावाले, एक शिकवणी वर्ग. काचेवर पांढरा कागद चिकटवलेला, आत काय चाललंय दिसू नये म्हणून. आणि संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास शटर खाली. आता साडी-बांगडीचा बाजार दिवे लागल्यावरच सुरू होतो, हे अकोल्यात कुणाला सांगायला नको.

"लेडीज गिऱ्हाईक का पाँव अंधेरा देख के मुड़ जाता, बेटा," चाचा मला म्हणाले. "एक गाळा अंधेरा हुआ तो आगे के तीन गए. मेरे तक कोई आता ही नहीं आजकल."

बाबांनी ऐकून घेतलं. खुर्चीत ताठ झाले. खुबा मोडल्यापासून त्यांना इतकं ताठ मी पाहिलं नव्हतं. "अर्ज करू," म्हणाले. "सूनबाई, घे लिहून."

आणि त्यांनी एका दमात सांगितलं: बाजारपेठेतील मुख्य रस्त्यालगतच्या तळमजल्यावरील दर्शनी गाळ्यांचा वापर केवळ किरकोळ विक्रीसाठी करण्यात यावा, कार्यालये, शिकवणी वर्ग व तत्सम वापर वरच्या मजल्यांवर नेण्यात यावेत.

माझी बोटं थांबली. "बाबा, यात आपणही येतो."

"आपण कावून येतो?"

"कार्यालये म्हणालात ना तुम्ही."

"कार्यालय त्या लोनवाल्याइचं. काच लावते, एसी लावते, टोकन देते. आपल्या इथं कोणी बी येते, बसते, चहा पेते, जाते. हे ऑफिस होय का? ही बैठक होय."

"कायद्यात बैठक नसते बाबा."

"वकील साब की बैठक को कौन ऑफिस बोलेगा, बेटा?" चाचा म्हणाले आणि सगळे दुकानदार हसले.

"तू टाईप कर," बाबा म्हणाले.

मी टाईप केलं. दुपारची वेळ, पोटात वरण-भात, डोक्यावर गरम हवा फिरवणारा पंखा. त्या घडीला मला कुणी माझंच मृत्युपत्र टाईप करायला सांगितलं असतं तरी मी मुकाट केलं असतं. शिवाय सरकारी काम होत नसतं, यावर आमच्या घराण्याचा गाढ विश्वास. त्याच विश्वासावर आमची दोन पिढ्यांची वकिली चालली आहे.

हे काम झालं.

कसं झालं मला विचारू नका. कुणा अधिकाऱ्याला अर्ज आवडला, कुठल्याशा बैठकीत मांडला गेला, पेपरात छापून आलं, हरकती मागवल्या. आम्ही कशाला हरकत घेतो, अर्जच आमचा. आणि मग एका दुपारी पालिकेचा माणूस ओळीनं नोटिसा देत आला. कर्जवाल्यांना, विमावाल्यांना, शिकवणीवाल्यांना. नंतर आमच्या दारात थांबला, पाटी वाचली आणि एक आमच्या टेबलावर ठेवली.

बाबांनी ती माझ्याआधी घेतली. चष्मा लावून वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला.

"पाह्य वं," मला म्हणाले, "माहं वाक्य जसंच्या तसं घेतलं. एक शब्द हलवला नाई."

"बाबा, ती नोटीस आपल्याला आहे."

"समजलं मले," ते म्हणाले, पण ते त्यांना त्या क्षणी समजलं असावं. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, आणि दुसऱ्यांदा वाचायला घेतलं. या वेळी चेहरा उजळला नाही. आमच्या इमारतीत रिकामी खोली होती ती दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. जिना असा, की सणासुदीला कापडाच्या गाठी चढवणारे हमालसुद्धा मधल्या वळणावर थांबून श्वास घेतात.

थोड्या वेळानं चाचा आले. त्यांनाही नोटिशीचं कळलं होतं. खाली मान घालून उभे राहिले.

"वकील साब, ये तो गड़बड़ हो गई. मैं पूरी लाइन की सही लाता. सब बोलते, के वकील साब हमारे को चलते."

"नाई," बाबा म्हणाले. "आज माह्या एकट्यासाठी सही आणसान, उद्या तो लोनवाला बी सही जमवते. त्याच्याकडं तं माणसं गंज हायेत."

घरी रात्रीच्या जेवणाला यावर चर्चा झाली. नवरा म्हणाला, सूट मिळावी म्हणून अर्ज करा, वय आहे, पाय आहे, डॉक्टरांचा कागद आहे. बरोबरच होतं त्याचं. कधीकधी तो बरोबर असतो आणि तेव्हा मला फार थकवा येतो. मी पुढे जाऊन म्हटलं, वकिली हा काही धंदा नाही, व्यवसाय आहे, असं लिहिता येईल. तसं लिहून लोकांनी सूट घेतलेली आहे.

बाबांनी भाकरीचा घास खाली ठेवला. "धंदा नाई असं लिहिलं, तं ते म्हणते, मंग बाजारात काय करून राहिले? अन् धंदा होय असं लिहिलं, तं ते म्हणते, काय इकता? दोन्ही बाजूनं मीच पडतो. अन् तिसरी गोष्ट, कलम माहं. माह्या कलमातून मी सूट मागत नाई."

"मग वर कसे याल?" मी विचारलं.

"ते पाहू," म्हणाले, आणि भाजीत काय टाकलं ते विचारलं.

नियम वाईट असता तर भांडायला बरं झालं असतं. पण तो चांगला होता, हीच माझी अडचण. आमचा गाळा संध्याकाळी अंधारातच असायचा. चाचांकडे येणाऱ्या बायका आमच्या शटरपाशी आल्या की पदर सावरून रस्ता ओलांडायच्या, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि ऑटोची वाट बघत त्या अंधारात उभी राहिले होते. इतरांना वर जा म्हणणाऱ्या कागदावर आमचंच अक्षर. कुठल्या तोंडानं हरकत घ्यायची?

मधल्या काळात अमरावतीच्या दिरांचा फोन आला. त्यांच्या सोसायटीत लिफ्ट आहे. "वहिनी, बाबांना इकडे पाठवा, राहतील आरामात." दीर चांगले आहेत, जाऊबाई त्याहून चांगल्या. बाबांनी बॅग भरू दिली. त्यांनी एवढं मुकाट ऐकलं तेव्हाच मला वाटलं, हे काही खरं नाही.

पहिल्या रविवारी मी एसटीनं अमरावतीला गेले. तिथे माझं माहेर, पण तिकडे न जाता आधी दिरांकडे गेले, यावरून माझी अवस्था ओळखा. फ्लॅटमध्ये बाबा नव्हते. जाऊबाई म्हणाल्या, "खाली आहेत, वॉचमनजवळ. सकाळी लिफ्टनं उतरतात ते जेवायलाच वर येतात." खाली गेले तर बाबा वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, आणि बिचारा वॉचमन उभा. बाबा त्याला त्याच्या गावच्या बांधाच्या भांडणाबद्दल सल्ला देत होते. मला पाहून थांबले.

"कसं आहे बाबा इथे?"

"झकास हाय. लिफ्ट हाय, पंखा हाय, सूनबाई जीव लावते." मग गेटकडे पाहिलं. "पण खाली उतरून जाऊ कुठी?"

पुढच्या आठवड्यात दिरांनीच त्यांना गाडीनं अकोल्याला आणून सोडलं. त्यांच्या चेहऱ्यावर वाचनालयाचं पुस्तक न वाचता परत करणाऱ्याचा भाव होता. वॉचमनचा भाऊ मात्र समझोत्याला तयार झाला म्हणे.

नोटिशीत दिलेली मुदत संपत आली तेव्हा मी तिच्यासोबतचे नियम पुन्हा वाचले, आणि मला एक फट सापडली. गाळ्याचा दर्शनी भाग खरोखर विक्रीसाठी वापरला, तर मागच्या भागात दुसरं काम करायला हरकत नव्हती. मी उत्साहानं बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तपासलं. "कलमात बसते," म्हणाले. "मंग ठीक."

आता विकायचं काय? आमच्या घराण्यात कुणी कधी काही विकलं नाही. विकलं ते एकदा वावर विकलं, तेही भावकीला, तेही भांडून. नवरा म्हणाला, पुस्तकं ठेवा. मी म्हटलं, आपली ठेवली तर लोक न्यायला येतील, विकत कोण घेईल? शेवटी चाचांनीच सांगितलं, "फाइलें रखो, रजिस्टर रखो, पेन रखो. वकील के बाजू में वही चलता." एक काउंटर घेतला, फळ्या ठोकल्या, माल भरला. पाटी रंगवली. काउंटरमागे बाबांची खुर्ची, तिच्यामागे लाकडी आडोसा, आणि आडोशामागे मी, जुन्या फाइलींसकट. मला तिथे श्वास घ्यायला वळून बसावं लागायचं.

दुकान उघडलं आणि कळलं, की बाबांना विकता येत नाही. म्हणजे जगातली कुठलीही गोष्ट विकता येत नाही. शिकवणीची मुलगी रंगीत पेनांचा संच मागायला आली, तर म्हणाले, "एका रंगानं लिहिलेलं वाचत नाई का मास्तर?" बचत गटाच्या बाईला जाड रजिस्टर पाहिजे होतं. "एवढं जाड कायले? आधी पातळ वही भर, मंग येजो." ती पुन्हा आली नाही. भाडेकराराचा छापील नमुना मागणाऱ्या एका माणसाला त्यांनी काउंटरच्या आत बसवून घेतलं, घरमालकाची, घराची, पाण्याच्या नळाची सगळी चौकशी केली, आणि शेवटी ते घर भाड्यानं घ्यायचंच नाही असं पटवून पाठवलं. माणूस आभार मानून गेला. नमुना फळीवरच राहिला.

चाचा दुकानातून हे पाहत असत. एकदा राहवलं नाही, आले.

"वकील साब, आप गिऱ्हाईक को माल से बचाते. दुकानदार ने माल देना, बस. आगे उसकी मर्जी."

"अन् नुकसान झालं त्याचं तं?"

"तो फिर आएगा, दूसरा लेने." चाचांनी हात पुढे केला. "देखो, मैं क्या करता, पहले हात पकड़ता. एक बार चूड़ी चढ़ी तो औरत उतारती नहीं."

"वकील हात धरत नाई," बाबा म्हणाले. "कागद धरते."

"इसलिए आपका गिऱ्हाईक भाग जाता."

दोघं हसले. आडोशामागून मीही हसले, पण घामानं चष्मा घसरत होता.

माझ्याकडून एक चूक मात्र होत होती आणि ती मला दिसतही नव्हती. आयुष्यभराच्या सवयीनं आम्ही दिवे लागायच्या वेळेला शटर ओढत होतो. बाबांचं जेवण लवकर, गोळी लवकर, आणि मला घरी जाऊन कणीक भिजवायची. सगळा बाजार दिवे लावून उभा राहायचा, तेव्हा आमचं दुकान बंद. वकिलाच्या घरातलं दुकान वकिलाच्या वेळेनं चालत होतं. नवी पाटी, नवा काउंटर, आणि चाचांच्या बाजूला तोच जुना अंधार.

पालिकेचा निरीक्षक आला तो नेमका मी शटरची काठी हातात घेतली तेव्हा. आदबशीर होता, वयानं पोरसवदा. आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, फक्त फोटो घेतो. काउंटर आहे, माल आहे, पाटी आहे. झालं." त्यानं फोटो घेतले. मी चहा सांगितला. तो नको म्हणाला. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की मी मनातल्या मनात कुकरही लावला.

जाता जाता त्यानं सहज विचारलं, "काय काका, चालतं का दुकान?"

"दुकान नाई हे," बाबा म्हणाले.

मी काठी भिंतीला टेकवली.

"म्हणजे?" निरीक्षकानं विचारलं.

"हे माह्या सुनेनं माह्यासाठी उभं केलं. मले जिना चढता येत नाई म्हून. माल हाय, पण विक्री नाई. बाजार उघडते तवा आमी बंद करतो. तुमच्या नियमात 'खरोखर' असा शब्द हाय. तो इथं बसत नाई."

निरीक्षकानं माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरच्या फाइलींकडे पाहिलं. "काका, मी तर चालू आहे असंच लिहिणार होतो," तो हळूच म्हणाला.

"म्हूनच सांगून राहिलो," बाबा म्हणाले.

ऑटोत मी रस्त्याकडे तोंड करून बसले. बाबा वॉकर गुडघ्यात धरून बसले होते. टॉवरच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, "रागावली?"

"नाही."

"मंग बोल."

"खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं बाबा. गप्प बसायचं होतं फक्त."

"बसलो असतो. पण त्यानं मलेच इचारलं." ऑटो सुटला, पुन्हा धक्के सुरू झाले. "तो शिकवणीवाला वर गेला का नाई? त्याचा डबा घेऊन चढताना त्याच्या मायले बी दम लागते, रोज पाहतो मी. त्याले वर धाडलं माह्या कागदानं. अन् मी खाली बसून पेन इकतो असा फोटो काढू?"

मला म्हणायचं होतं, की माझंही काहीतरी या फोटोत होतं. आडोशामागचं बसणं, फळ्या, रंगवलेली पाटी, तिथे अवघडलेले दोन्ही गुडघे. पण म्हटलं नाही. त्या माणसाशी वाद घालून जिंकायचं तर सकाळची वेळ लागते आणि पोटात काहीतरी.

महिनाअखेर आम्ही वर गेलो. हमालांनी टेबलं, कपाटं, फाइली चढवल्या. शेवटी चाचा म्हणाले, "वकील साब को भी ले चलो, कुर्सी पे." बाबा आधी नाही म्हणाले, मग खुर्चीत बसले. दोन हमालांनी खुर्ची उचलली. वळणावर ते थांबले तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "ठेवा, ठेवा. सरकीचं पोतं तं नाई मी, घाई कायची?" हमाल हसले. बाबाही हसले, पण त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर पांढरे पडलेले मला दिसले.

खोली बरी होती. खिडकीतून सगळा बाजार दिसायचा. बाबा दिवसभर खिडकीशी बसले. कुणी आलं नाही. जुन्या पक्षकारांपैकी एकजण धापा टाकत वर आला, पाणी प्यायला, आणि घोट संपल्यावर कशासाठी आलो ते विसरलो म्हणाला. संध्याकाळी तेच दोन हमाल आले आणि खुर्ची खाली नेली. ऑटोत बसताना बाबा म्हणाले, "उद्या नको आणू मले."

"का? चाचा म्हणाले रोज माणसं देतो."

"दोन माणसं माह्यासाठी दमवायची, अन् वर बसून मी कोणाची वाट पाहायची?" ऑटोवाल्याला म्हणाले, "चाल बाबू."

दुसऱ्या दिवशी ते घरी बसले. तिसऱ्या दिवशीही. काही जुने लोक सुरुवातीला घरी आले, बैठकीत बसले, चहा प्यायले. पण घरात मी नाही, नवरा कॉलेजात, चहा करणार कोण, म्हणून बाबा स्वतः उठायला लागले, आणि ते उठताना पाहून लोकांना संकोच व्हायचा. येणं हळूहळू कमी झालं. मी रोज वर चढते. वळणावर थांबते. थांबण्यासाठी मी तिथल्या भिंतीवरची विम्याची जाहिरात वाचते, म्हणजे कुणी पाहिलं तर वाटावं, बाई विम्याचा विचार करते आहे.

आमचा गाळा आता लहान मुलींच्या झबल्या-परकरांचं दुकान आहे. मालकानं दारावर झबली टांगलीत, आत दिवे इतके, की संध्याकाळी माझ्या खोलीच्या छतावर खालून पिवळा उजेड पडतो. बायका थांबतात, मुलीच्या अंगाला लावून पाहतात, तिथून सरळ चाचांकडे जातात. कुणी रस्ता ओलांडत नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन येतो. हॅलो नाही, काही नाही.

"लाइट लागले का?"

"लागले."

"आपल्या गाळ्यातला?"

"सगळ्यात आधी आपल्यातलाच लागतो बाबा."

"गिऱ्हाईक?"

"आहे ना. दोघीतिघी उभ्या आहेत."

"चाचाकडं?"

"गर्दी आहे. चाचांना मान वर करायला वेळ नाही."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी होतो. मग म्हणतात, "मंग बरोबर हाय. कलम बरोबर बसलं." काल एवढं बोलून फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. "तू कवा येतं?"

"निघतेच. भाजी काय करू?"

"भाजीचं मले काय कळते," म्हणाले. "एखादा मसुदा असला तं आणजो. पाहून ठेवतो रात्री."

मी आणते म्हटलं. फोन ठेवून टेबलावरच्या कागदांत हात घातला. एक बक्षीसपत्र घातलं पिशवीत. त्यात चतुःसीमेत काहीतरी गडबड झाल्याची मला शंका होती. मग आणखी एक घातलं. चुका असलेले मसुदे मला शोधत बसावे लागत नाहीत, त्यांची माझ्याकडे टंचाई नसते. दिवा मालवला, कठडा धरला आणि उतरायला लागले.